तुमच्या श्वासाची जागा

बाई,

मी पुन्हा गायला लागले आहे. हे कोणाला तरी सांगावं असं वाटलं तेव्हा आधी तुम्हीच आठवलात, आणि मग लक्षात आलं की तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा शाळेचं दप्तर घेऊन तुमच्या दाराशी उभी राहिलेली माझी मुलगी आता गुडगावला नोकरी करते आणि मला रागावते. परवा आम्ही पानिपतला जाऊन आलो. तिथे जे झालं ते घरात कोणाला नीट सांगता आलं नाही. सांगितलं असतं तरी समजलं असतं की नाही माहीत नाही. तुम्हाला समजलं असतं.

पण सुरुवातीपासून सांगते. गणपती झाले आणि माझं ऑपरेशन झालं. गर्भाशयात गाठी होत्या, मोठ्या होत्या, त्यामुळे दुर्बिणीतून जमणार नाही, पोट उघडावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ऑफिसला रजा किती टाकायची ते यांनी विचारलं, जिने कधी चढायचे ते मुलीने विचारलं. सगळ्यांचं विचारून झालं तेव्हा मी विचारलं, "गाना कब से गा सकती हूँ?" तिने फाइलीतून डोकं वर काढलं. "आप गाती हैं?" मी म्हटलं, थोड़ा. "तो गाइए ना आंटी. गाने में पेट का क्या काम? गला तो मैं छू भी नहीं रही." मुलगी हसली, मीही हसले. मनात म्हटलं, बाई इथे असत्या तर हिला कोट काढून जमिनीवर मांडी घालायला लावली असती, आणि पोटावर हात ठेवून सांगितलं असतं, काय काम असतं ते.

ऑपरेशननंतर पहिली गोष्ट कळली ती ही की आपण खोकतो, शिंकतो, हसतो, कुशीवर वळतो, सगळं पोटाने. वॉर्डात एक मल्याळी नर्स होती. खोकला आला की ती कुठूनही धावत यायची आणि उशी माझ्या पोटावर दाबून धरायची. "तकिया पकड़ो अम्मा, टाइट. अब खाँसो." ती उशी मी घरीही सोडली नाही. चालताना उशी, बसताना उशी. हे म्हणाले, "आता या उशीला जेवायलाही वेगळं ताट वाढा." हसवू नका म्हटलं, टाके दुखतात, तर म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्या विनोदाची भीती वाटली तुला."

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली तेव्हा एका दुपारी घरी कोणी नसताना मी षड्ज लावून पाहिला. तंबोरा उचलायचा नाही असं बजावलेलं होतं, म्हणून मोबाइलवरचा तंबोरा लावला, तुम्हाला तो आवडला नसता. स्वर लागला. लागला आणि लगेच मऊ पडला, ताटात उघड्यावर राहिलेल्या पापडासारखा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गळा ठीक होता. खाली धरणारं कोणी नव्हतं. इतकी वर्षं खाली काहीतरी धरत होतं हे मला ते जाईपर्यंत जाणवलंच नव्हतं. मी उशी घेतली, पोटावर दाबली आणि डोळे मिटून बसले, आणि तेव्हा तुमचा हात आठवला.

दिल्लीच्या मुनिरक्यातली ती खोली. खाली घरमालकांच्या म्हशी, वर तुम्ही. एकच खोली आणि स्वयंपाकघर, आणि खोलीत तुमच्या आजारी सासूबाई झोपलेल्या, म्हणून आमची शिकवणी स्वयंपाकघरात. तंबोरा पिठाच्या डब्याला टेकवलेला. संक्रांतीच्या आधीचे दिवस आहेत, तुम्ही कढईत तीळ भाजताय, माझ्याकडे पाठ आहे. मी गातेय. तुम्ही न वळता म्हणता, "गळ्यातून येतंय." मी पुन्हा गाते. "अजून गळ्यातूनच." मग तुम्ही गॅस बारीक करता, वळता, माझ्यासमोर उकिडव्या बसता आणि उजवा हात माझ्या पोटावर ठेवता, बेंबीच्या जरा खाली. हाताला तिळाचा वास आहे, तळवा गरम आहे. "हा हात बाहेर ढकल. आता स्वर सोड, पण हात सोडू नको." मी ढकलते. आणि जो आवाज येतो तो माझा आहे यावर माझा विश्वास बसत नाही. खाली म्हैस बिथरते आणि घरमालकीण ओरडते, "ए मास्टरनी! तेरी छोरी नै म्हारी भैंस बिदका दी!" तुम्ही खिडकीतून वाकून म्हणता, "बिदकी ना? मतलब सुर लग गया." आणि परत येऊन तीळ हलवता, कारण ते तोवर करपायला आलेले असतात.

आणि तो दुसरा दिवस. तुम्ही स्वतः बांधलेली ती चार ओळींची प्रार्थना आम्हाला काला अंबसाठी बसवत होतात. दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला जायची, काला अंबला लढाईच्या स्मृतिस्तंभापाशी उभी राहायची, फुलं वाहायची, आणि भाषणं सुरू व्हायच्या आधी तुमच्या मुली गायच्या. माइक नाही, पेटी नाही. तुम्ही म्हणायचात, इथे मेलेल्यांना कोणी माइकवरून हाक मारली नव्हती. तिसऱ्या ओळीत वरच्या षड्जावर जाऊन थांबायचं आणि तिथून एका दमात खाली यायचं, ती सगळ्यात अवघड जागा. मी घरी घोटून घोटून आले होते. गायले. तुम्ही तंबोरा थांबवलात.

"धैवतावर काय केलंस?"

"तुम्ही करता तसंच."

"मी काय करते?"

मी करून दाखवलं. धैवत, मग एक छोटासा तुटलेला श्वास, जरा ओढल्यासारखा, आणि मग पंचम. बाकीच्या मुली माना डोलावत होत्या, कारण त्याही तसंच करायच्या. आम्हाला ती त्या चालीतली खास जागा वाटत होती. तुम्ही आमच्याकडे बघत राहिलात आणि मग इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली. "अगं बायांनो, तो माझा दमा आहे! तिथे माझा श्वास पुरत नाही. राग उचला, चाल उचला, माझं दुखणं कशाला उचलताय?" आम्ही लाजलो. मग हसणं थांबलं तुमचं, आणि जरा कडक आवाजात माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझी छाती चांगली आहे. तुला तिथे थांबायचं कारण नाही. कारण नसताना थांबू नये." मी खूप प्रयत्न केला, बाई. पण तुमच्याबरोबर गाताना धैवत आला की माझाही श्वास आपोआप तुटायचा. तुम्ही एकदा माझ्याकडे बघायचात आणि पुढे जायचात. पुढे पुढे बघणंही सोडून दिलंत.

ऑपरेशननंतर मला पोटाला बांधायला पट्टा दिला होता, रबरी, चिकटवायचा. तो बांधताना दर वेळी मला तुम्ही आठवायचात. माझी मुलगी झाली तेव्हा माझी आई नागपुरात अंथरुणाला खिळलेली होती, सासूबाई आधीच गेलेल्या. क्वार्टरमध्ये मी आणि हे आणि ते तांबडं गाठोडं, आणि आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं. मी कोणालाच काही बोलले नव्हते. तरी तुम्ही आलात. बस बदलून, एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, आणि दारातच यांना म्हणालात, "तुम्ही जरा बाजारातून काहीतरी आणा." "काय आणू?" "काहीही. सावकाश आणा." पिशवीत तुमचं जुनं नऊवारी होतं. त्याचा लांब पट्टा फाडून तुम्ही माझं पोट बांधलंत. "श्वास सोड. अजून. सगळा सोड." मी सोडला की तुम्ही एक वेढा घ्यायचात. कापड किती वेळा धुतलेलं, किती मऊ, आणि तुमचे हात किती घट्ट. बांधून झाल्यावर तिथेच पलंगावर बसवून माझ्याकडून षड्ज म्हणवून घेतलात. मी म्हटलं, बाई, एवढ्यात? तर म्हणालात, "पोट रिकामं झालं की ते विसरतं. त्याला लगेच आठवण द्यावी." त्यानंतर रोज यायचात. मी तुम्हाला कधी धन्यवाद दिल्याचं आठवत नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही, आणि मला बोलायला सुचतही नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही थंडीत गेलात, दम्यानेच. आताच्या दिल्लीत तुम्ही एक दिवाळीही काढली नसती, इथे आता दिवाळीनंतर दारं-खिडक्या लावून बसतात. तुम्ही गेलात आणि आमच्या लक्षात आलं की तुमचा आवाज कुठेही नाही. एक एक जण टेपरेकॉर्डर घेऊन यायचा आणि तुम्ही हाकलून द्यायचात. "बरणीत भरायला मी काय लोणचं आहे?" फोटो आहेत, पण फोटोत तुम्ही तोंड मिटून बसलेल्या. पहिल्या वर्षी काला अंबला सुरुवात कोणी करायची असा प्रश्न आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरू केलं. तिसऱ्या ओळीत धैवतावर आले आणि तुमचा तो श्वास घेतला. आमच्यातली एक मागे रडायला लागली. नंतर मला म्हणाली, "डोळे मिटले होते मी. बाईच आल्या असं वाटलं."

त्यानंतर मी तो श्वास टाळायचा प्रयत्न केला नाही. नव्या मुली आल्या, तुम्हाला कधी न पाहिलेल्या, त्यांनाही तो शिकवला. इथे तोडायचं, असा ओढून घ्यायचा, मग पंचम. त्यातल्या काही आता लग्न होऊन बंगळूरला आहेत, एक कॅनडात आहे. कुठे कुठे तुमचा दमा गेला आहे, बाई. मला त्याचा आनंद व्हायचा. तुमचं म्हणून एवढंच उरलं होतं, एक श्वास, आणि तो माझ्याकडे होता.

आता कळेल तुम्हाला मला कशाची भीती होती. गाणं गेलं तर गेलं, माझं गाणं तसं काय मोठं. पण ऑपरेशननंतर माझा दम धैवतापर्यंत पोचेना. वरच्या षड्जावर थांबले की तिथेच अर्धा संपायचा, उतरताना निषादावरच पोट हात टेकायचं. तिथे श्वास घेतला की पुढे धैवतावर तुमचा घेता येत नाही, दोन स्वरांत दोनदा तोडलं तर चाल राहत नाही. म्हणजे एक तर माझा, नाही तर तुमचा. मार्गशीर्षभर मी रोज सकाळी उशी घेऊन बसले. रोज निषादावर तुटायचं. एकदा जिद्दीने ओढून नेलं तर टाक्यांच्या जागी अशी कळ आली की मुलीने येऊन मोबाइलच बंद केला. "आई, बस ना यार. कोण मार्क देणार आहे तुला?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तर ती खाली बसली, माझ्या गुडघ्याला टेकून, आणि म्हणाली, "अच्छा, मग सांग ना. कळेल असं सांग." तिला तुमचा फक्त खोकला आठवतो आणि तुम्ही हातावर ठेवलेला तिळाचा लाडू.

संक्रांतीच्या आधी मुली तालमीला घरी आल्या. पाच-सहा आहेत सध्या, एक मुनिरक्यातच राहते, तिथल्याच विद्यापीठात शिकते. तुमच्या गल्लीपासून जवळच तिची खोली आहे. म्हशी कधीच गेल्या, तुमच्या घराच्या जागी पाच मजले झालेत आणि खाली मोमोवाला आहे. मी सुरू केलं, निषादावर श्वास घेतला. गाणं झाल्यावर तीच मुलगी म्हणाली, "ताई, तिथे आता बदल केलाय का? धैवतावर नाही घ्यायचा? निषादावर घ्यायचा?" आणि बाकीच्या पेन्सिल काढल्यासारख्या तयार, मी सांगेन तिथे तोडायला. मला त्या स्वयंपाकघरातल्या आम्ही सगळ्या दिसलो. आता या माझे टाके उचलणार, कॅनडापर्यंत नेणार. मला हसू यायला हवं होतं, तुम्हाला आलं होतं तसं. पण मी म्हणाले, "नाही. तुम्ही धैवतावरच घ्या. माझं सोडा." त्या "बिल्कुल ताई" म्हणाल्या. मी आत जाऊन चहा टाकला आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. माझ्या तोंडून तुमचा श्वास आता येणार नव्हता, निदान त्यांच्या तोंडून यावा.

पानिपतला परवा धुकं होतं. बस सावकाश गेली. काला अंबला महाराष्ट्रातून आलेल्या गाड्या होत्या, फेटे होते, शाळेची मुलं होती, ढोल होता. हे माझ्यासाठी घडीची खुर्ची घेऊन हिंडत होते आणि मी बसत नव्हते. ढोल थांबला, कोणीतरी म्हणालं, चला, दिल्लीच्या ताई सुरू करा. मी पट्टा घट्ट केला, शालीखाली उजवा हात पोटावर ठेवला, बेंबीच्या जरा खाली. सुरू केलं. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत वर चढलो, षड्जावर थांबलो. थंडीत तोंडातून वाफ निघत होती. मग उतरायला लागलो आणि निषादावर माझं संपलं. मी श्वास घेतला. मी थांबले, पण गाणं थांबलं नाही. मुलींनी ते धरून ठेवलं होतं, माझ्याशिवाय, आणि मी श्वास घेऊन पुन्हा त्यांच्यात मिसळले तेव्हा धैवत आला आणि त्या सगळ्या एकदम थांबल्या. तुमचा श्वास घ्यायला. मी शिकवला होता तसा, ओढून.

आणि बाई, माझ्या पोटात तेव्हा श्वास होता. नुकताच घेतलेला. मी गात राहिले. त्या एवढ्याशा जागेत मी एकटीच गात होते. तिथे मींड आहे. धैवतावरून पंचमावर हळूच उतरणारी, बारीक, फार गोड. तुम्ही बांधली होती ती, आणि तुम्हाला ती कधी गाता आली नाही, आणि तुमच्यामुळे आम्हालाही नाही. एवढी वर्षं तो श्वास जपताना त्याच्या खाली काय झाकलेलं आहे हे मी पाहिलंच नव्हतं. माझा आवाज तिथे कापरा होता, तुमच्यासारखा अजिबात नव्हता. मग मुली परत आल्या आणि आम्ही सगळ्यांनी पंचम धरला.

चौथी ओळ कशी झाली मला आठवत नाही. भाषणं झाली, तिळगूळ झाला. कोणाला काही विशेष कळलं नव्हतं. मुनिरक्याची मुलगी तेवढी जवळ येऊन म्हणाली, "ताई, आम्ही तिथे थांबलो तेव्हा तुम्ही काहीतरी गायलात. ते काय होतं?" मी म्हटलं, ते मूळचं. "मग आम्हाला का नाही शिकवलं?" मी म्हटलं, मलाच आज आलं. ती म्हणाली, मग पुढच्या वेळी शिकवा, आणि तिळाची गजक खायला पळाली. नंतर नेहमीप्रमाणे बस बाजारात थांबली आणि सगळ्यांनी चादरी, खेस, रजया घेतल्या. आमच्या यांनी दोन घेतल्या आणि चढताना ड्रायव्हरच्या मागे उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "पानिपतहून मराठी माणूस रिकाम्या हाताने एकदाच परतला. आता नाही!" मी हसले आणि टाके दुखले नाहीत. मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, आज तू गाताना तुझ्यासारखी वाटलीस." तिला ते चांगल्या अर्थाने म्हणायचं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं, धुक्यात बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

मुलींना मी ती मींड शिकवणार आहे. त्यांना सांगणार आहे की जिचा दम जिथे संपेल तिथे तिने श्वास घ्यावा, कारण नसताना थांबू नये. तुम्ही मला सांगितलं होतं ते इतक्या उशिरा पुढे जाईल. म्हणजे अजून काही वर्षांनी तुमचा तो श्वास कोणाच्याच गाण्यात राहणार नाही, आणि तेच बरोबर आहे, तुम्हालाही तेच हवं होतं. हे मला पटलेलं आहे.

हे कागद मी घडी करून तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवीन, दुसरीकडे कुठे द्यायचे ते मला माहीत नाही. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. काल सकाळी गायला बसले होते, आजही बसले. घरी कोणी नव्हतं. निषादावर माझा श्वास घेऊन झाला होता, पोटात भरपूर होता, मींड येत होती. तरी धैवतावर आले आणि थांबले. मला श्वास घ्यायचा नव्हता. तुमचा घेऊन होईपर्यंत थांबले.